दिवाणखान्यातील मूर्ती आणि पोथीची पुष्पिका

'दिवाणखाना' हा शब्द आज आपण पाहुण्यांना बसविण्याच्या खोलीसाठी वापरतो. फारसीतील 'दीवान' या शब्दाचा जुना अर्थ मात्र नोंदवही असा आहे. हिशेबाची वही, ती वही जेथे ठेवली जाते ती कचेरी, त्या कचेरीचा प्रमुख आणि दुसऱ्या अंगाने एखाद्या कवीच्या रचनांचा एकत्र केलेला संग्रह, असा या शब्दाचा विस्तार होत गेला. म्हणजे दिवाणखाना ही मुळात नोंदींची जागा. पुढे मराठी संभावित घरांतील दिवाणखान्यात हंड्या-झुंबरे आली, बिलोरी आरसे आले, तसबिरी आल्या, ग्रंथांची काचेची कपाटे आली आणि त्या कपाटांच्या माथ्यावर एखादी जुनी पाषाणमूर्ती, एखादे पितळी दीपपात्र, एखादा लाकडी मुखवटा येऊन बसला. वस्तू आत येत गेल्या आणि नोंद बाहेर जात राहिली. प्रस्तुत लेखात आम्हांला याच देवघेवीचा विचार करावयाचा आहे.

आम्ही नाशिक जिल्ह्यातील पेठ येथे मराठीचे अध्यापन करतो. हस्तलिखित पोथी हाती आली की प्रथम शेवटचे पान उलगडावे, असे विद्यार्थ्यांना सांगणे हा आमच्या कामाचाच भाग आहे. त्या पानावर पुष्पिका असते. ग्रंथ कोणता, कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, कोणत्या शकात, कोणत्या संवत्सरात, कोणत्या गावी, हे सारे तेथे मिळते. पुष्कळदा लेखकू आपली वाकलेली पाठ आणि मान यांचीही आठवण देतो व तेल, पाणी, सैल बांधणी आणि अडाणी हात यांपासून पोथी जपण्याची विनवणी करतो. पुष्पिकेचे पान फाटलेली पोथी वाचता येत नाही असे नाही; पण ती कोठे ठेवावी हे कळत नाही. पाठचिकित्सेत तिचे वजन घटते. आमचे म्हणणे एवढेच आहे की, जुन्या मूर्तीला, चित्राला, मुखवट्यालाही अशी पुष्पिका असते. ती वस्तूवर कोरलेली क्वचितच असते. बहुधा ती गावाच्या तोंडी असते, आणि वस्तू उचलली जाते तेव्हा ती मागेच राहते.

ग्रंथांच्या शेजारी काय शोभते?

ग्रंथालय सजविण्याची हौस फार जुनी आहे. रोमन वक्ता सिसेरो याने टस्क्युलम येथील आपल्या बागायती वाड्यासाठी अथेन्समध्ये राहणाऱ्या अ‍ॅटिकस या मित्रामार्फत ग्रीक शिल्पे मागविली होती, हे त्याच्या पत्रांवरून दिसते. दुसऱ्या एका पत्रात तो गॅलस नावाच्या मित्रावर चरफडतो. या मित्राने त्याच्यासाठी मद्यदेवतेच्या उन्मत्त सेविकांच्या मूर्ती भारी किमतीस घेतल्या होत्या. विद्येच्या देवता असत्या तर आपल्या ग्रंथालयात शोभल्या असत्या, या नाचणाऱ्या बायका मी कोठे ठेवू, असा त्याचा प्रश्न आहे. औचित्याचा हा विचार आपल्या साहित्यशास्त्रालाही परका नाही. मात्र याच सिसेरोने इ. स. पूर्व ७० मध्ये सिसिलीचा प्रांताधिकारी व्हेरीझ याच्यावर खटला चालविला होता, आणि देवळांतून व घरांतून मूर्ती लुबाडल्याचा आरोप हा त्या खटल्याचा मोठा भाग होता. कलावस्तूंचा रसिक आणि कलावस्तूंच्या लुटीचा फिर्यादी एकाच माणसात नांदत होते, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. कारण 'हे माझ्या ग्रंथालयात शोभेल काय?' आणि 'हे माझ्या हाती कसे आले?' हे दोन प्रश्न तेव्हापासून जोडीनेच चालत आले आहेत. पहिला प्रश्न रुचीचा, दुसरा नोंदीचा.

युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत 'नवलांची दालने' निघाली. शिंपले, सांगाडे, नाणी, दूरदेशीची हत्यारे, मूर्ती हे सारे विद्वानाच्या ग्रंथांशेजारी मांडले जाई. कोपनहेगनच्या ओले वर्म याच्या दालनाचे सचित्र वर्णन १६५५ मध्ये प्रसिद्ध झाले; वस्तू पुढे विखुरल्या, तरी त्या वर्णनामुळे दालन आजही अभ्यासता येते. लंडनच्या हॅन्स स्लोन या वैद्याच्या ग्रंथ-वस्तुसंग्रहातून १७५३ मध्ये ब्रिटिश म्युझियमची स्थापना झाली. एका गृहस्थाची हौस सार्वजनिक संस्थेत रूपांतरित होऊ शकते, याचा हा ठळक दाखला. याच युरोपीय परंपरेशी एका मराठी राजाचा जवळून संबंध आला. तो राजा महाराष्ट्रापासून दूर, कावेरीच्या काठी राहत होता.

तंजावरचा राजा आणि त्याचे ग्रंथ

तंजावरचे दुसरे सरफोजी राजे भोसले (१७७७–१८३२) १७९८ मध्ये गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. राजाकडे उरला तो किल्ला, तनखा आणि सवड. या सवडीचा त्यांनी जो उपयोग केला त्याला मराठी इतिहासात तोड नाही. श्वार्त्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. त्यांनी युरोपीय ग्रंथ मागविले, चित्रे, नकाशे, शास्त्रीय उपकरणे जमविली, १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना काढला. इसापच्या गोष्टींचे मराठी रूप, 'बालबोधमुक्तावली', १८०६ मध्ये तेथेच छापले गेले. काशीयात्रेहून परतताना त्यांनी संस्कृत हस्तलिखिते आणली. श्वार्त्झच्या स्मरणार्थ त्यांनी फ्लॅक्समन या नामांकित इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. १८२६ मध्ये बिशप हेबर त्यांना भेटला, तेव्हा युरोपीय शास्त्रज्ञांची नावे या राजाच्या तोंडी ऐकून तो चकित झाला.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. सरफोजींच्या संग्रहातील पृथ्वीचे ज्ञान कपाटात पडून राहिले नाही. 'देवेंद्र कोरवंजी' या त्यांच्या मराठी नाट्यरचनेत भविष्य सांगणारी कोरवंजी खंड, देश, नद्या यांचे वर्णन गाऊन सांगते. नकाशा आणि भूगोलग्रंथ दक्षिणेतील लोकनाट्याच्या साच्यातून मराठीत उतरले. संग्रहातून निर्मिती होते ती अशी. बृहदीश्वराच्या देवळात १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा दीर्घ मराठी शिलालेखही याच वृत्तीतून आला. स्वतःच्या कुळाची पुष्पिका दगडावर लिहून ठेवण्याचा तो प्रयत्न होता.

१८५५ मध्ये पुत्रवारस नसल्याने तंजावरची गादी कंपनीने संपुष्टात आणली. राजवाड्यातील मालमत्तेवरून राणी कामाक्षीबाईंचा दावा थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. अशा धुमश्चक्रीत संग्रह विखुरणे अगदी स्वाभाविक होते. ग्रंथालय मात्र टिकले. बर्नेल या इंग्रज अधिकाऱ्याने तेथील संस्कृत हस्तलिखितांची वर्गवार सूची केली, ती १८८० मध्ये बाहेर पडली. आणि १९१८ मध्ये सरस्वती महाल ग्रंथालय सर्वांना खुले झाले. जगभरच्या विद्वानांना तंजावरचा पाठ नावानिशी व क्रमांकानिशी उल्लेखिता येऊ लागला तो या सूचीमुळे. राजाची रुची थोर होती यात शंका नाही, पण ती आपल्यापर्यंत पोचली ती सूचीच्या पाठीवर बसून.

लूट, दान आणि हौस

तंजावरहून पुन्हा आपल्या गोदाकाठी येऊ. नाशिकला पंचवटीत नारोशंकराचे देऊळ आहे. ते १७४७ मध्ये बांधले गेले. त्याच्या दर्शनी तटावर एक भली मोठी युरोपीय घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. अशा घंटा महाराष्ट्रात इतरत्रही देवळांत गेल्या; नाना फडणविसांच्या मेणवलीच्या घाटावरील घंटा त्यांपैकीच एक. नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. लुटीची वस्तू असूनही तिचे जन्मसाल तिच्या अंगावर आहे आणि तिच्या येण्याची हकिगत गावाच्या तोंडी आहे. ख्रिस्ती प्रार्थनेची घंटा शिवालयाच्या दारी का, हा प्रश्न नाशिकच्या कोणत्याही पोराने विचारला तर त्याला उत्तर मिळते. हाती येण्याचा मार्ग सोज्ज्वळ नसला तरी तो लपविलेला नाही. संग्राहकाच्या प्रामाणिकपणाची ही किमान पायरी होय.

विसाव्या शतकात महाराष्ट्रातील दोन संग्रह या दृष्टीने डोळ्यांत भरतात. औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी भरघोस आर्थिक पाठबळ दिले, हे वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना माहीत असेलच. त्यांनी यमाईच्या डोंगरावर बांधलेले श्रीभवानी चित्रसंग्रहालय १९३८ मध्ये खुले झाले. तेथे रविवर्म्याची चित्रे आहेत, जुनी लघुचित्रे आहेत, पाश्चात्त्य शिल्पांच्या प्रतिकृती आहेत आणि हेन्री मूर याचे 'माता आणि मूल' हे अस्सल शिल्पही आहे. साताऱ्याकडील एका खेड्यात विसाव्या शतकातील थोर इंग्रज शिल्पकाराची कृती असावी, हे नवलच. पण राजाने ते नवल वाड्यातील खाजगी दालनात न ठेवता देवीच्या वाटेवर ठेवले, हे त्याहून मोठे. यमाईला आलेला शेतकरी परतताना मूरचे शिल्प पाहू शकतो.

दुसरा संग्रह एका कवीचा. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) पुण्यात चष्म्यांचा व्यवसाय करीत. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवावयास आरंभ केला आणि लहानपणीच वारलेल्या 'राजा' या मुलाचे नाव संग्रहाला दिले. अडकित्ते, दिवे, दौती, वज्री, फण्या, पानाचे डबे, वाद्ये, दरवाजे! संस्थानिकाच्या ग्रंथालयात ज्यांना जागा मिळाली नसती, अशा वस्तूंना त्यांनी मान दिला. आपल्याकडे जुने भांडे तांबटाकडे जाते ते 'मोडीत'. वजन होते, भाव होतो आणि घडण नाहीशी होते. 'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार त्या व्यवहारातूनच आला. केळकरांनी आयुष्यभर जे केले ते मोडीच्या उलट दिशेने. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. कवीची दृष्टी येथे कशी कामी आली असेल, याचा विचार व्हावयास हवा. सामान्य शब्दाला नेमक्या जागी बसविणे आणि सामान्य अडकित्त्याला नेमक्या जागी मांडणे, ही कामे एकमेकांपासून फार दूर नाहीत.

या दोघांच्या जोडीला इतिहासाचार्य राजवाडे (१८६३–१९२६) यांचे स्मरण अपरिहार्य आहे. त्यांनी दप्तरांसाठी गावोगाव पायपीट केली. त्यांच्या संग्रहात शोभेचे असे काही नव्हते. होते ते कसर लागलेले रुमाल आणि कागद. परंतु १८९८ पासून निघालेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेच्या बावीस खंडांनी त्या कागदांना जो आधार दिला, तो काचेच्या कपाटाने मिळाला नसता. धुळे येथील संशोधन मंडळ त्यांच्याच नावाने उभे आहे. आमच्या जिल्ह्यातही त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरी येथे १९८० मध्ये स्थापन झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे. नाण्यासारख्या, बाजारात सहज विकल्या जाणाऱ्या वस्तूकडे दस्तऐवज म्हणून कसे पाहावे, हे शिकण्यास तेथे जावे.

पेठची पुष्पिका

येथपर्यंत ज्या संग्रहांविषयी लिहिले ते वस्तू घेणाऱ्यांचे आहेत. आता जेथून वस्तू जातात त्या बाजूने पाहू. पेठ हे एके काळी स्वतंत्र लहान संस्थान होते. १८५७ च्या अखेरीस हरसूल-पेठ भागात कोळी-भिल्लांचा उठाव झाला, तो मोडून काढण्यात आला आणि भगवंतराव राजांना फाशी देण्यात आली. १८७८ मध्ये येथील बेगम निधन पावल्या आणि संस्थान इंग्रजी मुलखात सामील झाले. योगायोग असा की, जमिनीत सापडलेल्या पुरलेल्या ठेव्याविषयीचा कायदाही १८७८ चाच. सरकारने एकाच वर्षी भूमी आणि भूमीच्या पोटातील धन, दोन्हींवर आपली नोंद घातली.

कोकणा, महादेव कोळी, वारली या समाजांच्या या डोंगराळ मुलखात दिवाणखाने नव्हते आणि ग्रंथांची कपाटेही नव्हती. पण संग्रह नव्हता असे म्हणणे अज्ञानाचे होईल. शिवेवर वाघदेव असतो. लाकडी किंवा दगडी फळीवर वाघ, नाग, सूर्य, चंद्र कोरलेले असतात व वाघबारशीला त्याची पूजा होते. बोहाड्याची सोंगे असतात. गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण, खंडेराव, वेताळ यांचे कागदाच्या लगद्याचे वा लाकडाचे मुखवटे संबळाच्या ठेक्यावर रात्रभर नाचतात. अनेक गावांत कोणते सोंग कोणत्या घराकडे हे ठरलेले असते. मुखवटा त्या घरी राहतो, पूजल्यावाचून तो चढविला जात नाही. आणि थाळगान असते. काशाच्या थाळीवर मेणाने काडी बसवून तिच्यावरून बोटे ओढीत गायक कणसरीची, रामाची कथा रात्र रात्र लावतो. हे पेठचे ग्रंथालय. त्यातील ग्रंथ गळ्यात आहे आणि मूर्ती शिवेवर.

आता असा मुखवटा किंवा वाघदेवाची अशी फळी शहरातील एखाद्या दुकानात दिसते. चिठ्ठीवर असते 'आदिवासी मुखवटा, जुना'. गाव नाही, घर नाही, सोंगाचे नावही नाही. विकत घेणारा गृहस्थ पुष्कळदा सुसंस्कृत असतो, वाचक असतो. आपल्या ग्रंथांच्या शेजारी त्याला ती वस्तू मनापासून हवी असते. त्याच्या रुचीला आम्ही नावे ठेवीत नाही. विकणाऱ्या घराचीही अडचण समजते; ज्या घरातील तरुण द्राक्षबागांच्या कामाला नाशिक-दिंडोरीकडे उतरतात, तेथे सोंग नाचविणारा कोण उरणार? पण त्या व्यवहारात नेमके काय हरवले ते सांगावयास हवे. मुखवटा उरला, सोंग गेले. ज्या घराकडे तो मान होता त्या घराचे नाव गेले. पुष्पिकेचे पान फाडून पोथी विकावी, तसे हे झाले.

कायदा येथे फारसा उपयोगी पडत नाही. १९७२ चा पुरावशेष व कलानिधीविषयक कायदा १९७६ पासून लागू आहे. त्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी कलावस्तू आणि विशिष्ट महत्त्वाचे किमान पंचाहत्तर वर्षे जुने हस्तलिखित हा पुरावशेष ठरतो. त्याचा व्यापार करावयास परवाना लागतो, खाजगी व्यक्तीस तो परदेशी पाठविता येत नाही, आणि दगड, धातू, हस्तिदंत इत्यादींच्या जुन्या शिल्पांची छायाचित्रासह नोंदणी करावी लागते. हा कायदा आवश्यक आहे, पण तो वय मोजतो. बोहाड्याचा मुखवटा जीर्ण झाला की नवा होतो, रंग पुन्हा चढतो. तीस वर्षांच्या मुखवट्यामागे तीनशे वर्षांचे सोंग असू शकते. कायद्याच्या लेखी मात्र ती कालची वस्तू. गाव मान मोजते आणि कायदा वर्षे मोजतो. या दोहोंच्या मधल्या फटीतून पेठच्या वस्तू निसटतात.

आपल्या हाती काय आहे?

वस्तू जमविणे थांबवा, असा उपदेश करण्याचा आमचा हेतू नाही. सरफोजी, भवानराव, केळकर यांनी जमविले नसते तर मराठी संस्कृतीचे दालन रितेच राहिले असते. पण या तिघांचे संग्रह टिकले आणि राजवाड्यांचे कागद बोलके झाले त्यांमागे एकच सूत्र दिसते. वस्तूला तिची ओळख राहिली आणि ती ओळख एका घराच्या मालकीची न राहता सर्वांना वाचता आली. ज्याच्या ग्रंथसंग्रहात एखादी जुनी मूर्ती, टाक, मुखवटा, सचित्र पोथी असेल, त्याने त्या वस्तूचा एक कागद करावा. ती कोठून आली, कोणाकडून, कोणत्या साली, काय सांगून दिली, तिला तिच्या गावी काय म्हणतात, हे पाच प्रश्न पुरेत. त्यांतील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिण्यास हात कचरत असेल, तर वस्तू परत करण्याचा विचारही त्याच कागदावर लिहावा. आणि आपल्या पश्चात ती कोणाकडे जावी, हेही. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालत आले आहे व ग्रंथांबरोबर वस्तुसंग्रहही सांभाळते. अशा संस्था असताना वारसांनी कपाटे रिकामी करून सारे मोडीत घालावे, ही नामुष्की होय.

अध्यापकांसाठी काम याहून निराळे आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी विद्यार्थी ओव्या, म्हणी, उखाणे गोळा करतात. त्याच वहीत त्यांनी आपल्या गावातील सोंगांची नावे, ती सांभाळणारी घरे, मुखवटा घडविणाऱ्याचे गाव आणि सोंगाबरोबर वाजणारी चाल लिहून आणावी. वस्तूला हात न लावता केलेला हा संग्रह आहे. त्याला जागा फार लागत नाही, परवानाही लागत नाही. लिहिलेली एक प्रत गावाच्या शाळेत आणि एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवली म्हणजे झाले. मात्र घराने जे सांगू नये असे ठरविले असेल, ते लिहू नये. उद्या एखादा मुखवटा दूरच्या कोणा गृहस्थाच्या ग्रंथालयात पोचलाच, तर त्याचे गाव आणि घर सांगणारे पान पेठमध्ये शिल्लक असेल. आजवर पुष्पिका लिहिण्याचे काम नकलकाराने पोथीच्या शेवटी केले. या मुलखात ते विद्यार्थ्याला, वस्तू जाण्याआधी, करावे लागणार आहे.